माझ्यावाचून शाळेचं कसं होणार

१ जानेवारी. सकाळी.
संकल्प. या वर्षी शिक्षण-धोरण या विषयात एम.ए.ला प्रवेश घ्यायचा. पूर्ण वेळ, दोन वर्षं, विद्यापीठाच्या हॉस्टेलवर राहून. लोक म्हणतील, चव्वेचाळिसाव्या वर्षी हे कुठे हॉस्टेलवर निघाले. म्हणू देत. अजून कोणी काही म्हणालेलं नाही, कारण कोणाला सांगितलेलं नाही.

तसं पाहिलं तर तिथे मला शिकण्यासारखं फारसं काही नसणार. इतकी वर्षं भूगोल शिकवतोय आणि शाळेचं वेळापत्रक माझ्या हातात आहे. कोणते सर आजारी, त्यांच्या तासावर कोणी जायचं, हे मी ठरवतो. धोरण म्हणजे याहून वेगळं काय असतं? फक्त माझ्या धोरणांवर अजून विद्यापीठाचा शिक्का नाही. तो आणायचा.

रोज पहाटे पाचला उठण्याचाही संकल्प आहे. आज सातला उठलो. पहिलाच दिवस असल्यामुळे सवलत.

१ जानेवारी. संध्याकाळी.
दुपारी झोप लागली. संकल्प करण्यातही शक्ती जाते.

३ जानेवारी.
हिला सांगितलं. ही फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे आखडलेले गुडघे वाकवून दमून येते, म्हणून बातमी हळूहळू फोडायची ठरवली. आधी बसवलं. पाणी दिलं. मग सांगितलं की आता दोन वर्षं मी या घरात नसेन. हिने हळूच विचारलं, पूर्ण दोन वर्षं का? मी म्हटलं, मधे सुट्ट्यांत येईन ना. त्यावर तिचा चेहरा पडला. सुट्ट्या कमी पडतील असं वाटलं असणार. मग म्हणाली, खरे हुशार विद्यार्थी सुट्टीतही लायब्ररीतच बसतात असं तिने ऐकलंय. स्वतःच्या मनावर दगड ठेवून नवऱ्याच्या करिअरचा विचार करणारी बायको मिळायला भाग्य लागतं. डोळे भरून आले. माझे.

ठमीलाही सांगितलं. लेक आमची, नववीत आहे. तिने एकच विचारलं, बाबा, फ्रिजवरचे कागद पण घेऊन जाणार का?

फ्रिजवर मी माझी गृह-धोरणं लावलेली आहेत. बाथरूम-वापर धोरण, चार्जर-परतावा धोरण, दूध उतू गेल्यास जबाबदारी-निश्चिती धोरण, अशी बरीच. प्रत्येकाखाली तिघांच्या सह्यांना जागा आहे. सध्या माझ्या सह्या झालेल्या आहेत. मी तिला जवळ घेऊन म्हटलं, नाही गं, ते कागद तुमच्या आधाराला इथेच ठेवून जाईन. पोर फ्रिजकडे बघतच राहिली.

५ जानेवारी.
आज मोठ्या बाईंना भेटलो. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांना धक्का बसू नये म्हणून छोटं भाषण तयार करून नेलं होतं. संस्था मोठी, व्यक्ती लहान, कोणी अपरिहार्य नसतं, वगैरे. तिसऱ्याच वाक्याला त्यांनी हातातला पेन खाली ठेवला आणि विचारलं, कधी जाणार? मी म्हटलं, निवड झाली तर ऑगस्टात. त्या म्हणाल्या, त्याआधी जाता नाही का येणार? मी इतरांच्या आधी पोहोचून चांगली खोली पकडावी अशी त्यांची इच्छा. शिपायाला हाक मारून त्यांनी चहा मागवला. सोबत बिस्किटं. इतक्या वर्षांत त्यांच्या केबिनमध्ये बिस्किट मी पहिल्यांदा पाहिलं.

दुपारपर्यंत बातमी स्टाफरूममध्ये. गणिताचे सर गेल्या वर्षीपासून माझ्याशी बोलत नव्हते. मी डबा-वेळ धोरण आणलं होतं. स्टाफरूममध्ये एका वेळी निम्म्याच शिक्षकांनी जेवायचं, म्हणजे गोंगाट कमी. त्यात गणिताच्या सरांच्या वाट्याला शाळा सुटल्यानंतरची वेळ आली होती. तेच आज उठून आले आणि दोन्ही हातांनी माझा हात हलवला. प्रवेश परीक्षेच्या गणिताची तयारी फुकट करून देतो म्हणाले. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, लिखाणाची भाषा मी तपासते. हेडक्लार्क, जे स्वतःच्या सख्ख्या भावालाही स्कॅनरला हात लावू देणार नाहीत, ते म्हणाले, कागद आणा, मीच स्कॅन करून देतो.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. चूक आहे. विकत होतं, मलाच गिऱ्हाईक दिसत नव्हतं.

१० जानेवारी. रविवार.
अर्जासोबत एक निवेदन द्यायचं आहे. या विषयाकडे का वळलात, पुढे काय करणार. मर्यादा आठशे शब्द. आज बैठक मारून लिहिलं. तीन हजार शब्द झाले. अजून मी पाचवीत आहे.

१२ जानेवारी.
निवेदन चित्रकलेच्या बाईंना दिलं. त्यांनी मधल्या सुट्टीत लाल पेन्सिल घेऊन माझा जन्म काढून टाकला. मग बालपण. मग कॉलेज. मग वेळापत्रकाचा इतिहास, जो मी जीव ओतून लिहिला होता. शेवटी एकच वाक्य शिल्लक राहिलं: मला जायचं आहे. बाई म्हणाल्या, यातलं हे सगळ्यात चांगलं आहे, याच्याभोवती लिहा.

चित्रकलेच्या आहेत. त्यांना कोरी जागा आवडते.

१५ जानेवारी.
दोन शिफारसपत्रं लागतात. एक पूर्वीच्या प्राध्यापकांचं, एक आताच्या वरिष्ठांचं. कॉलेजच्या सरांना फोन केला. आता रिटायर झालेत. नाव सांगितलं, आठवेना. वर्ष सांगितलं, आठवेना. शेवटी म्हटलं, सर, मी पहिल्या बाकावर बसायचो. त्यावर त्यांना एकदम आठवलं. म्हणाले, घंटा झाल्यावर प्रश्न विचारणारा तो तूच ना? केवढी स्मरणशक्ती! पत्र देतो म्हणाले. जाता जाता विचारलं, हॉस्टेल इथून लांब आहे ना? मी म्हटलं, रेल्वेने एक अख्खा दिवस. मग जरूर देतो, म्हणाले.

१८ जानेवारी.
मोठ्या बाईंकडे पत्रासाठी गेलो. आमच्या शाळेत एक पद्धत आहे. बाईंच्या सहीने बाहेर जाणारा कुठलाही कागद ज्याचं काम असेल त्यानेच लिहायचा. मुलाला दाखला हवा, पालकाने मजकूर आणावा. शिपायाला कर्जासाठी पत्र हवं, शिपायाने लिहून आणावं. बाई फक्त सही करतात. वाचत बसले तर शाळा कधी चालवू, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं, निदान माझ्याबद्दल त्यांना दोन शब्द स्वतःच्या मनाने लिहावेसे वाटतील. पण त्या म्हणाल्या, तुम्हाला तुमच्याइतकं कोण ओळखतं? हे मात्र खरं आहे. त्यांनी शाळेच्या कोऱ्या लेटरहेडवर खाली सही करून दिली. एक बिघडलं तर असू दे म्हणून दुसऱ्यावरही केली. मी उठायच्या आत तिसऱ्यावर.

२१ जानेवारी.
पत्र लिहिलं. स्वतःची स्तुती स्वतः करणं फार अवघड. पहिल्या मसुद्यात मी मला फक्त कष्टाळू म्हटलं. वाचून पाहिलं. बाईंसारखी जाणकार व्यक्ती इतकं कोमट लिहीलच कशाला? त्यांच्यावर अन्याय होतोय असं वाटलं. म्हणून त्यांच्या भूमिकेत शिरलो. मग मात्र हात थांबेना.

दोन वाक्यं इथे उतरवून ठेवतो. 'यांच्यावाचून ही शाळा एक दिवसही चालणार नाही. कोणताही निर्णय घेण्यापूर्वी मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहते.'

शेवटी 'उमेदवाराची एक उणीव' असा रकाना होता. बराच वेळ विचार केला. काही सुचेना. अखेर लिहिलं, नको तितके नम्र आहेत.

पत्र अपलोड केलं. बाईंना वाचायला देतो म्हटलं, तर त्यांनी हात जोडले. विश्वास म्हणतात तो हा.

१ फेब्रुवारी.
परीक्षा आठवड्यावर आली. गणिताच्या सरांनी सुचवलं की तुम्ही हा आठवडा रजा घ्या, वेळापत्रक मी बघतो. मी म्हटलं, जमेल का? कोणाला मोकळा तास द्यायचा नाही हे ठरवायला वर्षं जातात. ते म्हणाले, प्रयत्न करून बघतो. आज पहिल्याच दिवशी मुद्दाम अकराच्या सुमाराला शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. गोंधळ झाला तर धावून जाता यावं. गोंधळ झाला नाही. घंटा वेळेवर. मुलं वर्गात. संध्याकाळी शिक्षक एकमेकांशी हसत बाहेर पडले, हे दृश्य जरा विचित्र वाटलं.

अर्थ उघड आहे. व्यवस्था मी इतकी पक्की बसवली आहे की आता ती आपोआप चालते. आईने वळण लावलेलं मूल शेजाऱ्याकडेही शहाण्यासारखं वागतं, तसं.

९ फेब्रुवारी.
परीक्षा झाली. गणित सोपं. सोपं असल्यामुळे वेळ लागला. शेवटचे काही प्रश्न राहिले, पण ते बहुधा तितके महत्त्वाचे नसावेत, नाहीतर आधी विचारले असते.

२२ फेब्रुवारी.
मुलाखतीला बोलावलं! हिने बातमी ऐकून मला मिठी मारली. ठमीनेही. लग्नाच्या फोटोत सुद्धा ही एवढी हसलेली नाही.

पहाटे पाचला उठायचं उद्यापासून पक्कं.

२६ फेब्रुवारी.
मुलाखत झाली. व्हिडिओवर. ही सकाळपासून कामाला लागली होती. माझ्या मागे पुस्तकांचं कपाट आणलं, शर्टाला इस्त्री केली, आणि कमी बोल, विचारतील तेवढंच बोल, असं तीन-चारदा सांगितलं. मग दोघी स्वयंपाकघरात दाराला कान लावून बसल्या.

समोर तिघं. दोन प्राध्यापिका आणि एक वयस्कर सर. पहिल्या बाईंनी विचारलं, तुमच्या धोरणांचे परिणाम काय झाले? मी म्हटलं, माझा भर अंमलबजावणीवर असतो, परिणाम ज्याचे त्याने बघावेत. दुसऱ्या बाईंनी विचारलं, तुमचं धोरण चुकलं तर तुम्हाला ते कोण सांगतं? मी म्हटलं, आजवर कोणी सांगितलेलं नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या.

शेवटी वयस्कर सर म्हणाले, तुमच्या मुख्याध्यापिकांचं पत्र आम्ही वाचलं. तुम्ही दोन वर्षं इकडे आलात तर तिकडे शाळेचं काय होईल? खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, सर, कोसळेल. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सर म्हणाले, हे चिंताजनक आहे. मी म्हटलं, फार.

दाराआडून नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणून नंतर हिने एकेक प्रश्न विचारून घेतला. शेवटचं उत्तर सांगितलं तेव्हा ही कपाळाला हात लावून खाली बसली. शाळेशी हिचा काही संबंध नाही, तरी इतकी काळजी.

१२ मार्च.
निकाल पुढच्या महिन्यात. पण तयारी सुरू. हिने सूटकेस आणली. मी म्हटलं, अगं, निकाल तरी लागू दे. ही म्हणाली, सेलमध्ये मिळाली. ठमी मोजपट्टी घेऊन माझ्या अभ्यासाच्या खोलीत काहीतरी मापं घेत होती. विचारलं तर म्हणाली, भूमितीचं प्रॅक्टिकल. विषयाची गोडी लागलेली दिसते.

१९ मार्च.
शाळेत निरोप समारंभ झाला. निकालाच्या आधीच. नंतर परीक्षांची गडबड असते, उरकून घेऊ, असं सगळ्यांचं मत पडलं. मला एक प्रवासी बॅग दिली. गणिताचे सर बोलायला उठले. म्हणाले, हा दिवस आयुष्यात कधी उजाडेल असं वाटलं नव्हतं. कित्येक शिक्षकांचे डोळे ओले. मोठ्या बाई सारख्या टाळ्या वाजवत होत्या, मी अजून बोलायला उभा राहिलो नव्हतो तरी. भाषण मी आवरतं घेतलं. तरी शाळा सुटायची घंटा झालीच.

२८ मार्च. रविवार.
विद्यापीठाच्या वेबसाइटवर हॉस्टेलच्या खोलीचा फोटो आहे. एक पलंग, एक टेबल, एक खिडकी. बाहेर झाड. रोज एकदा उघडून बघतो.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला खरंच जायचंय. शिक्का वगैरे ठीक आहे. पण एका वर्गात बसावं, कोणीतरी काहीतरी शिकवावं, आणि मधेच थांबून माझ्याकडे बघून विचारावं, तुम्हाला काय वाटतं? आणि मी बोलत असताना कोणी घड्याळाकडे बघू नये. एवढंच.

दुपारी पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरातून दोघींच्या हसण्याचा आवाज. दाराशी थांबलो. माझ्या खोलीला कोणता रंग द्यायचा यावर चर्चा चालली होती. मी आत गेलो तशा दोघी गप्प. ठमी म्हणाली, बाबा, तुझ्या स्वागताला रंग देणार आहोत, परत येशील तेव्हाच्या. छान वाटलं. पण पाणी न पिताच बाहेर आलो.

१५ एप्रिल. सकाळी.
निवड झाली! निवड झाली! निवड झाली! मेलची पहिलीच ओळ: अभिनंदन. बाकीचं नंतर वाचतो. आधी हिला फोन. ही म्हणाली, पेशंटचा पाय हातात आहे, तरी ओरडते. खरंच ओरडली. पेशंटही ओरडला.

१५ एप्रिल. दुपारी.
बाकीचं वाचलं.

'आपल्या मुख्याध्यापिकांचं पत्र आणि मुलाखतीतील आपलं प्रामाणिक उत्तर यांचा समितीने गांभीर्याने विचार केला. आपल्याला शाळेपासून तोडणं हा तिथल्या विद्यार्थ्यांवर अन्याय ठरेल. म्हणून आपली निवड यंदाच्या नव्या शाखेत केली आहे. या शाखेतील विद्यार्थी दोन्ही वर्षं आपल्या घरी राहून, आपल्या नोकरीवरूनच शिकतात. तास शनिवारी ऑनलाइन होतील. आपली शाळा आणि आपलं घर हीच आपली प्रयोगशाळा.'

खाली हॉस्टेल लागू नाही असं लिहिलंय. प्रत मुख्याध्यापिकांना, आभारासह.

१५ एप्रिल. संध्याकाळी.
हिने मेल दोनदा वाचला. मग विचारलं, यावर अपील असतं का? ठमीने एकच शब्द विचारला. प्रयोगशाळा? मी हो म्हटलं. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

१६ एप्रिल.
मधल्या सुट्टीत मोठ्या बाई स्टाफरूममध्ये आल्या. हातात ती प्रत, सोबत त्यांच्या सहीचं पत्र. त्यांनी ते उभ्यानेच मोठ्याने वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच वाचत होत्या, म्हणून अडखळत होत्या. 'यांच्यावाचून ही शाळा एक दिवसही चालणार नाही' इथे थांबल्या. मला म्हणाल्या, हे मी लिहिलंय? मी म्हटलं, सही तुमची आहे. 'त्यांच्या चेहऱ्याकडे पाहते' इथपर्यंत आल्यावर त्यांनी खरंच माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. असं कोणी माझ्याकडे पाहू नये.

गणिताच्या सरांनी डबा बंद केला. म्हणाले, बाई, निदान आमच्यासाठी तरी वाचायला हवं होतं. बाई म्हणाल्या, चुकलं.

मीच माझ्या हाताने माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे मला मान्य आहे. पण धोंडा माझ्या पायावर पडलेला असताना हे सगळे का विव्हळत होते?

१९ एप्रिल.
उपाय सापडला. विद्यापीठाला दुसरं पत्र पाठवायचं की शाळा माझ्यावाचून चालू शकते. बाईंच्या सहीचं कोरं लेटरहेड शिल्लक होतंच. पण या वेळी बाई म्हणाल्या, यांना लिहू देऊ नका. गणिताच्या सरांनी लिहिलं. एरवी बोनाफाइड सर्टिफिकेट लिहायला आठवडा लावणारा माणूस. मधली सुट्टी संपायच्या आत पत्र तयार.

'त्यांच्यावाचून शाळा उत्तम चालेल. किंबहुना अधिक उत्तम चालेल. फेब्रुवारीत आम्ही चालवून पाहिली आहे. तरी कृपया त्यांना न्यावं.'

खाली सगळ्यांच्या सह्या. शिपायाची. वॉचमनची. निवृत्त झालेल्या संस्कृतच्या बाईंची घरी जाऊन सही आणली. पानाच्या मागे पण सह्या आहेत.

मसुदा आहे, मसुद्यात थोडं वाढवून लिहावंच लागतं. मी पण लिहिलंच होतं. पण पत्र वाचल्यावर पुढच्या तासाला वर्गावर जायचं राहून गेलं. रिकाम्या स्टाफरूममध्ये बसलो. वर्गावर कोण गेलं असेल, याची चौकशीही केली नाही. कोणीतरी गेलंच होतं.

४ मे.
विद्यापीठाचं उत्तर आलं. 'सहकाऱ्याच्या प्रगतीसाठी संपूर्ण शाळा स्वतःची गैरसोय सोसायला तयार आहे, हे वाचून समितीचे डोळे पाणावले. अशा शाळेतून आपल्याला हलवणं आता तर अशक्यच. निर्णय अंतिम.'

गणिताच्या सरांना दाखवलं. ते खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ मैदानाकडे बघत उभे राहिले.

प्रवासी बॅग परत देऊ का, असं विचारलं. नको म्हणाले. ठेवा. कधी ना कधी जालच.

७ ऑगस्ट. शनिवार.
पहिला ऑनलाइन तास. तीन तास चालला. नेटवर्क चांगलं होतं, बाकी काही कळलं नाही. मुलाखतीतल्या त्या वहीत लिहिणाऱ्या बाईच शिकवायला आहेत. मधे थांबून त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? माझ्याच चौकटीकडे बघून! मी सविस्तर मत मांडलं. संपवल्यावर लक्षात आलं की माझा माइक बंद होता. बाई म्हणाल्या, असू दे, पुढच्या वेळी.

पहिला गृहपाठ: स्वतःचं एखादं धोरण आठवडाभर मागे घ्या. काय बदललं ते नोंदवा. त्या धोरणाचा जिला सर्वांत जास्त त्रास किंवा फायदा होता, अशा व्यक्तीची मुलाखत घ्या.

अगदीच सोपं. बाथरूम-वापर धोरण मागे घेतो. घरात हाहाकार उडेल, मी टिपून घेईन, दहापैकी दहा.

९ ऑगस्ट.
काल रात्री धोरण मागे घेतल्याचं जाहीर केलं. फ्रिजवरून कागद सर्वांसमोर काढला. ही आणि ठमी जेवत होत्या. ठमीने भाजी मागितली.

आज पाचला उठलो. खरंच! बाथरूमबाहेर खुर्ची टाकून वही घेऊन बसलो. दोघींची भांडणं व्हायला हवी होती. ठमी आली, गेली. ही आली, गेली. ही बाहेर येऊन म्हणाली, तू इथे का बसलायस?

१३ ऑगस्ट.
अजून हाहाकार नाही. बहुधा धोरणाचा पगडा मनावर खोल असल्यामुळे ते मागे घेतलं तरी लोक पाळत आहेत. ठमीला विचारलं, काय फरक पडला? ती म्हणाली, कशात? धोरणाचं नाव सांगितलं. म्हणाली, ते अजून चालू होतं?

१५ ऑगस्ट. रविवार.
हिची मुलाखत घेतली. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. धोरणामुळे आपल्याला काय त्रास होत होता, असं विचारलं. ही म्हणाली, धोरणाचा नाही, तू ते वाचून दाखवायचास त्याचा. नोंदवलं. काही सुचवायचं आहे का? नाही म्हणाली.

प्रश्न संपले होते. पण मी एक प्रश्नावलीबाहेरचा विचारला. मी खरंच गेलो असतो तर?

हिने हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाली, खरं सांगू? पहिले दोन महिने मी नुसती झोपले असते. घरात कोणी काही ठरवत नाहीये, या आनंदात. मग तिसऱ्या महिन्यात तुझी आठवण आली असती. मी म्हटलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. फार आली असती. तुझी. तुझ्या कागदांची नाही.

एक चादर उचलून घडी घालायला लागलो. ती घडी तिने नंतर परत घातली.

अहवालात निष्कर्ष असा लिहिला: लाभार्थींच्या मते धोरणाचे फायदे लगेच दिसत नाहीत, त्यांना साधारण तीन महिन्यांचा अवधी द्यावा लागतो. तरी धोरण पुन्हा लागू करावं.

११ सप्टेंबर.
गृहपाठ तपासून आला. दहापैकी चार. शेरा: 'मुलाखत उत्कृष्ट. निष्कर्षाचा तिच्याशी काही संबंध नाही. लेखकाने स्वतःचाच अहवाल पुन्हा एकदा वाचावा.'

फेरतपासणीचा अर्ज करणार होतो. सुरुवातीची दोन वाक्यं झाली पण होती. मग म्हटलं, बाई म्हणताहेत तर वाचून बघू. वाचला. मुलाखत तेवढी परत वाचली. मग परत.

आता माझ्या लक्षात आलं की माझा हिशेब कुठे चुकला. तिसऱ्या महिन्यात आठवण येणार, पण त्यासाठी आधीचे दोन महिने माणूस घरात नसायला हवा. मी तर रोज असतो. पाच वाजल्यापासून असतो.

तेव्हा सोमवारपासून संध्याकाळी शाळेच्या लायब्ररीत बसून अभ्यास करायचा, जेवूनच घरी यायचं. लायब्ररी आठपर्यंत उघडी असते. नोव्हेंबरपर्यंत फरक पडायला हरकत नाही. हिला योजना समजावून सांगितली, कारणासकट. ही बराच वेळ हसली. मग डोळे पुसत म्हणाली, जा. डबा देते.